बापरे वकील आणि माझा पाय

तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, चिंचवडगावचे एक वकील, अंगात काळा कोट, खाली धोतर व डोक्यास काळी टोपी असे वर्णन असलेले, हे पाली, विजा, बैल, बँडवाले, न्यायाधीश आणि मोटारी यांना भीत असत. सदर बाबतीत कोणाची हरकत असल्यास त्याने ती पुराव्यानिशी मांडावी. मुदतीत हरकत न आल्यास सदर इसम भित्रा होता असे कायमचे समजण्यात येईल.

हरकत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या काळातलं जे कोणी चिंचवड-पिंपरीत अजून शिल्लक आहे, त्यांना वकिलांचं आडनाव विचारलंत तर आठवणार नाही. ‘बापरे वकील’ म्हणा, लगेच हसतील. ‘बाप रे’ हे त्यांचं ओरडणं नव्हे. श्वास आत घेता घेता ते हळूच म्हणत, शेजारच्यालाच काय ते ऐकू जाई. पोस्टमन आला, बाप रे. दूध उतू गेलं, बाप रे. खटला जिंकलेला पक्षकार पेढे घेऊन आला तरी आधी बाप रे आणि मग पेढा.

मुंबई-पुणे रस्ता ओलांडायचा म्हणजे त्यांच्यापुढे मोठंच संकट. तेव्हा रस्त्याला आजच्यासारखी वर्दळ कुठली? एखादी लॉरी, एखादी मोटार, बाकी बैलगाड्या. पण हे कडेला उभे राहायचे ते म्हशींचा कळप येईपर्यंत. मग म्हशींच्या मधोमध शिरून, एकीच्या पाठीवर हात ठेवून पलीकडे जायचे. कोटाला शेण लागलेलं असायचं. कोणी विचारलंच तर सांगत, "माणसाला उडवलं तर मोटारवाला पळून जातो. म्हशीला उडवलं तर मोटारीचंच नुकसान होतं. म्हणून तो जपतो."

जगात सगळ्यांना ते अहो-जाहो करत. सुतार, न्हावी, बारक्या पोरी, सगळे ‘अहो’. वाटेत कुत्रं आडवं पडलेलं असलं तर चार हात दूर थांबून म्हणायचे, "अहो, जरा सरकता का?" कुत्रं सरकलं नाही तर ते दुसऱ्या गल्लीनं जात.

अशा माणसाच्या पदरात माझा डावा पाय पडला.

आम्ही मोशीचे. घरची शेती. पण पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहू लागले होते आणि आमच्या घरातून भोंग्यावर कामाला जाणारा मी पहिलाच. लेथवर शिकाऊ म्हणून घेतलं होतं. काय माझी ऐट होती म्हणता. एका सकाळी सायकल घेऊन निघालो, नाशिक रस्त्याला लागलो, मागून हॉर्न ऐकला, आणि त्यापुढे मला फक्त आभाळ आठवतं. शुद्धीवर आलो तेव्हा पाय फळीला बांधलेला होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून बसवावं लागेल, आणि ते मुंबईला मोठ्या सर्जनकडूनच करून घ्यायला हवं. खर्च ऐकून वडील नुसते जमिनीकडे बघत राहिले. ते झालं नाही तर कुबडी जन्माची. लेथपुढे दिवसभर उभं राहायचं असतं. कुबडीवाल्याला तिथे कोण ठेवणार? तेव्हा मामला सरळ होता. मोटारीच्या मालकाकडून नुकसानभरपाई मिळाली तर पाय, नाहीतर कुबडी.

मोटारीचे मालक म्हणजे खडीच्या खाणींचे मालक. नव्या कारखान्यांच्या पायात त्यांची खडी पडत होती आणि गावातल्या निम्म्या चुली त्यांच्या खाणीवर पेटत होत्या. त्यांचं नाव निघालं की माणसं आवाज खाली आणत. पुण्यातल्या दोघा वकिलांनी मालकाचं नाव ऐकून आम्हाला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तेव्हा आई मला बैलगाडीत घालून चिंचवडला घेऊन गेली. शेतातून तशीच निघाली होती, हातातला विळा हातातच.

"वकीलसाहेब," ती दारातूनच म्हणाली, "माज्या लेकाची केस घेताय का न्हाई, तेवडं सांगा."

"घेतो हो बाई, घेतो. तुम्ही आधी तो विळा कोपऱ्यात ठेवा."

परतताना मी आईला म्हणालो, "हा माणूस मालकाचं नाव ऐकून पळून जाईल."

"कुटं पळतुया?" आई म्हणाली. "रस्ता वलांडाया म्हैस लागती त्याला."

दावा दाखल झाला आणि मालकांचं उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की अपघाताच्या वेळी मालक मोटारीत नव्हतेच. ड्रायव्हर सखाराम न विचारता, स्वतःच्या कामासाठी मोटार घेऊन गेला होता. झाल्या गोष्टीला तोच जबाबदार. वकिलांनी ते वाचलं, बाप रे म्हणाले आणि मला समजेल असं सांगितलं, "दत्तोबा, मालक मोटारीत होते असं ठरलं, तर भरपाई मालक देणार. नव्हते असं ठरलं, तर सखारामराव देणार. आणि सखारामरावांकडं द्यायला काय आहे? डोक्यावरची टोपी. तीसुद्धा मालकांनीच दिलेली."

मला धडक बसली मागून. मी काय बघितलं होतं? रस्त्याला माणसं होती, पण ती सगळी खाणीवरची. वडील एकेकाला भेटून आले. एक म्हणाला, "दादा, माजं तोंड पलीकडं हुतं." दुसऱ्याचंही पलीकडंच होतं. तिसरा म्हणाला, उन्हानं त्याचे डोळे दिपले होते. त्या सकाळी अख्ख्या मोशीचं तोंड पलीकडं होतं.

मग ती मोटार आमच्या दारासमोर येऊन उभी राहू लागली.

इथवर हसलात, आता जरा थांबा. मी ओसरीवर खाटेवर पडलेला असायचो. दुपारी सगळे शेतात. लांबून इंजिनाचा आवाज यायचा, जवळ यायचा, आणि ती काळी मोटार दारात येऊन थांबायची. इंजिन बंद करायचे नाहीत. कोणी उतरायचं नाही, कोणी बोलायचं नाही. मागच्या खिडकीला पडदा. पुढे सखाराम, दोन्ही हात चाकावर, नजर सरळ रस्त्याकडे. आमच्या घराकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. माझी कुबडी भिंतीला टेकलेली असायची, हात पुरणार नाही अशी. समजा ती हाताशी असती, तरी मी जाणार कुठे होतो? कोंबड्या पांगायच्या. माझ्या पायातला ठणका कानात वाजायचा. बऱ्याच वेळानं मोटार निघून जायची आणि पेट्रोलचा वास मागे राहायचा. संध्याकाळी आई विचारायची, "कुनी आलं हुतं का रं?" मी नाही म्हणायचो. ती दारातली चाकोरी बघायची आणि चूल पेटवायला आत जायची. आजही कोणाची गाडी दारात नुसती चालू उभी राहिली की मी उठून आतल्या खोलीत जातो.

ती मोटार चिंचवडलाही गेली. आवाज ऐकताच बापरे वकील माळ्यावर. मालकांचा माणूस दारात येऊन म्हणाला, "वकील आहेत का?" वकिलीणबाई म्हणाल्या, "नाहीत, बाहेरगावी गेलेत." तेवढ्यात माळा शिंकला. माळ्यावर वर्षाच्या मिरच्या ठेवलेल्या होत्या, त्याला ते तरी काय करणार? त्या माणसानं वर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बाहेरगावच्या पाहुण्यांना निरोप द्या. पुण्याचा रस्ता लांबचा आहे आणि वाटेत मोटारी फार."

हे सगळं वकिलीणबाईंनी मला हसत सांगितलं. सांगताना हातातली वाटी मात्र त्यांनी तीनदा खाली ठेवली आणि तीनदा उचलली.

पुढच्या तारखेला मी आणि आई पुण्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो आणि वकिलांचा पत्ता नाही. आई फाटकाकडे बघत होती. मी तर मनातून सगळं सोडूनच दिलं होतं. तेवढ्यात एक कडब्याची गाडी फाटकाशी थांबली, पेंढ्या हलल्या, आणि आतून आधी टोपी आणि मग बापरे वकील बाहेर आले. चिंचवडपासून कडब्यात झाकून घेऊन आले होते. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

"वकीलसाहेब, केसात काय आहे?"

"कडबा, साहेब," हे म्हणाले. "पुराव्यात दाखल करायचा नाही."

त्या दिवशी नुसतीच पुढची तारीख पडली. व्हरांड्यात मी त्यांच्या पाठीवरच्या काड्या काढत होतो. मी विचारलं, "तुम्हाला एवढी भीती वाटते, तर केस सोडून का देत नाही?"

"सोडली तर तुमच्या आईंना कोण सांगणार?" ते म्हणाले. मग टोपी झटकत राहिले. "दत्तोबा, भीती ही पडशासारखी असते. होते. नाक गळतं, डोकं जड होतं. पण पडसं झालं म्हणून कोणी पेरणी चुकवतं का?"

फार वर्षांनी, आपल्या अंथरुणात, विजा चमकत नसताना, ते शांतपणे गेले. पवनेच्या घाटावर एवढी माणसं जमली होती की ती बघून त्यांना नक्की घाम फुटला असता. चिता पेटली तेव्हा माझ्या शेजारचा एक म्हातारा शेतकरी श्वास आत घेऊन हळूच ‘बाप रे’ म्हणाला आणि आम्ही तिघंचौघं तोंडावर उपरणं धरून हसलो आणि मग रडलो. त्यांनी मला शूर केलं नाही. मी अजूनही भितो, आणि भीत भीत काम करतो. रस्ता ओलांडताना आधी म्हैस शोधतो. आता म्हशी राहिल्या नाहीत, म्हणून भाजीची पाटी घेतलेल्या बाईच्या मागून जातो.

पण सखारामाच्या जबानीचा दिवस सांगितल्याशिवाय मी तुम्हाला उठू देणार नाही.

मालक स्वतः कोर्टात आले होते. शुभ्र कपडे, हातात चांदीच्या मुठीची काठी. आमच्या पुढच्याच बाकावर बसले. आई आणि मी मागे, आणि आमच्या मागे भिंत. सखाराम पिंजऱ्यात उभा राहिला. चाकणकडचा माणूस, वयानं माझ्या वडिलांएवढा, ड्रायव्हरचा खाकी कोट गळ्यापर्यंत बंद. मालकांच्या वकिलाचा आवाज असा की खिडकीतली कबुतरं उडाली. त्यानं विचारलं आणि सखारामानं पाठ केलेलं सांगितलं. मोटार मी न विचारता नेली. मोटारीत मी एकटाच होतो. मालक घरी होते. सांगताना तो न्यायाधीशांकडे बघत नव्हता. काठीच्या मुठीकडे बघत होता. संपलंच, असं मला वाटलं. वाकडा पाय घेऊन मी कुठल्या दुकानात बसेन, काय विकेन, याचा मी तिथेच विचार करू लागलो.

"तुमचे प्रश्न," न्यायाधीश म्हणाले.

बापरे वकील उठले. त्यांनी टेबलाची कड धरली आणि टेबल थरथरू लागलं. दौतीचं झाकण किणकिणू लागलं. मालकांचा वकील हसून म्हणाला, "माझे विद्वान मित्र आजारी असतील तर त्यांना बसून विचारू द्यावं." कोर्टात खसखस पिकली. मालकही हसले.

वकिलांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. तयार करून आणलेले प्रश्न तयारच राहिले. ते नुसते सखारामाकडे बघत होते. मीही बघितलं. सखारामाची बोटं कठड्यावर होती आणि तीही तशीच थरथरत होती.

"सखारामराव, पाणी घेता का?" वकील म्हणाले.

सखारामाला कोणी राव म्हटलेलं त्यानं कधी ऐकलं नसावं. हे मलाच म्हणतायत का, अशा नजरेनं त्यानं इकडेतिकडे पाहिलं. वकिलांनी आपलाच पेला त्याच्यापुढे नेला. अर्धं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं सखाराम घटाघटा प्यायला.

"माझंही असंच होतं," वकील म्हणाले, आपल्या ओसरीवर बसून बोलावं तसं. "मी मोटारीत बसलो तरी डोळे मिटून घेतो. तुम्ही तर चालवता. ही सायकल एकदम पुढं आली तेव्हा, सखारामराव, तुम्ही भ्यालात का हो?"

मालकांचा वकील हरकत घ्यायला अर्धा उठला होता. प्रश्न ऐकून, असल्या प्रश्नाला कसली हरकत, अशा चेहऱ्यानं तो पुन्हा बसला. सखारामानं रिकामा पेला दोन्ही हातांत धरला होता. काठीकडे बघायचं तो त्या क्षणी विसरला, आणि एवढ्या दिवसांत कोणीतरी आपल्याला आपल्याबद्दल काहीतरी विचारलं या भरात, साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"भ्यालो की, साहेब. पर सायकलीला न्हाई, मागं बसल्याल्या मालकास्नी."