बॉनेटमधला निळा डबा

माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटमध्ये एक निळा डबा होता. तो मीच निवडला होता, आणि का निवडला हे सांगायची मला अजून लाज वाटते.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. डिप्लोमा करून मी पुण्यात नोकरीला लागलो होतो आणि जुनी घेतलेली टर्बो डिझेल गाडी घेऊन सुट्टीला कळंबला यायचो. गावात मला ‘इंजिनियर’ म्हणत. मीही कधी नको म्हटलं नाही. गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा, खोलून, तेल अडवणारं नवीन सील टाकून बसवून दिला होता आमच्या मिस्त्रींनी. हायवेला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ट्रॅक्टरला वीस वर्षं दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता.

अशा इंजिनातून तेलाची वाफ निघते. ती पाइपातून परत टर्बोत जाते आणि आतून सगळं चिकट करून टाकते. मध्ये डबा जोडला की तेल डब्यात साचतं. मंचरच्या सायबर कॅफेत मी या डब्यांचे फोटो बघून ठेवले होते. मिस्त्रींना ते सांगितलं, तर त्यांनी आतून ॲल्युमिनियमची दुधाची किटली आणून माझ्यापुढे ठेवली.

“भाऊ, डबा कसला बी असू द्या. इंजिनाचा पाइप जेवढा जाड, तेवढंच त्याचं तोंड पायजे. आत भांड्याची तारेची घासणी भरायची, तेल तिला धरतं. आन् खाली तोटी. पावसाळ्यात आठवड्याला सोडायची. न्हाईतर तुंबतंय.”

दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला आमच्याकडे गाड्या धुऊन ओळीने लावतात, बॉनेट उघडून इंजिनाला हळद-कुंकू वाहतात, आणि येणारा-जाणारा आत डोकावतोच. इंजिनियरच्या गाडीत दुधाची किटली! मी म्हणालो, “मिस्त्री, मला गाडी डेअरीला लावायची नाहीये.” ते हसले आणि किटली आत ठेवून आले.

पुण्याच्या दुकानात दोन डबे होते. एक काळा, ओबडधोबड, रुंद तोंडाचा, आत जाळी असलेला. दुसरा निळा, आरशासारखा चकचकीत, आत नुसताच पोकळ. दुकानदार स्वतःच म्हणाला की काम काळाच करेल. मी निळा घेतला. त्याच्या तोंडाला इंजिनाचा पाइप बसेना, म्हणून बारीक पाइप जोडला. दसऱ्याला पोरं म्हणाली, “लई भारी राव!” एवढ्यासाठीच तर तो खटाटोप होता.

पुढच्या श्रावणात आत्याला तळेघरला सोडायला गेलो. तिकडे धुकं आणि ओल, गाडीच्या काचासुद्धा आतून भिजतात. परतताना घोडेगावच्या अलीकडे गाडी निळा धूर ओकू लागली. कशीबशी मिस्त्रींच्या दारात आणली. अण्णा तिथेच ट्रॅक्टर घेऊन आलेले, बाकावर आणखी चार माणसं. मी गाडीतून उतरलो तो तोंड सोडूनच.

“टर्बो तुम्हीच बसवला ना? मग हा धूर कसला? तुम्हाला ट्रॅक्टरच्या पुढचं काही जमत नाही, तर हात कशाला घालता?”

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. निळ्या डब्याकडे पाहिलं, बारीक पाइप दोन बोटांत धरून पाहिला, मग माझ्याकडे आणि अण्णांकडे पाहिलं. म्हणाले, “सील बसवताना चुकलं असंल माझ्याकडनं. ठेवा गाडी, करून देतो.”

“नको,” म्हणून मी तशीच गाडी घरी नेली. त्या दिवसापासून अण्णांचा ट्रॅक्टर दुरुस्तीला मंचरला जाऊ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी थोडा वेळ चालू करून बंद केली आणि डब्याचा पाइप काढला. फुस्सकन हवा सुटली. डब्याच्या तोंडात तेल-पाण्याचा लोण्यासारखा पांढरा गोळा अडकला होता. डब्याखालची तोटी मी वर्षभरात एकदाही सोडली नव्हती. इंजिनाला श्वास सोडायला वाट नव्हती, म्हणून टर्बोतून तेल बाहेर येऊन जळत होतं. डबा काढून गाडी पुन्हा चालू केली. थोड्या वेळाने धूर थांबला. सील शाबूत होतं.

माफी मागायला गेलो, पण भर दुपारी, बाक रिकामा बघून. मिस्त्री म्हणाले, “पाइप बघितला तवाच कळलं व्हतं मला.”

“मग बोलला का नाही?”

“चार माणसं व्हती, वडील व्हते. त्यांच्यापुढं तुमचा पाणउतारा कसा करू? तेवढं अण्णांना सांगा फक्त. वीस वर्सांचं गिऱ्हाईक हाय.”

“सांगतो,” म्हणालो. त्या रात्री जेवताना सांगणार होतो. मग दिवाळीला. मग त्याचं काय एवढं, असं स्वतःलाच समजावलं. अण्णा आणखी तीन वर्षं जगले आणि त्यांना मी ते सांगितलं नाही.

त्यांच्या दहाव्याला नदीकाठी माणूस मावत नव्हतं. आमच्याकडे दहाव्याला माइक असतो, गेलेल्या माणसाविषयी लोक उठून दोन शब्द बोलतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. मग मागून मिस्त्री उठून आले. त्यांना माइकची सवय नव्हती.

“अण्णांचा ट्रॅक्टर वीस वर्सं माझ्याकडं व्हता,” ते म्हणाले. “मग एक काम माझ्याकडनं चुकलं. त्यांनी ट्रॅक्टर दुसरीकडं नेला, ते बरोबरच केलं. पण रस्त्यात रामराम कधी चुकवला न्हाई. असा माणूस व्हता.”

मी मुंडण करून पहिल्या ओळीत बसलो होतो. माइक माझ्यापासून चार हातांवर होता. मी मान खाली घातली. शेजारच्या काकांना वाटलं मला रडू फुटलं, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.