एक नंबर डुप्लिकेट

सोमवारी सकाळी सात वाजता ताईला नरडाण्याच्या कारखान्याच्या गेटावर हजर व्हायचं होतं, आणि शुक्रवारी दुपारी तिच्या गाडीचं इंजिन धुळ्यातल्या एका गॅरेजच्या फरशीवर उघडं पडलं होतं. मी त्याभोवती फेऱ्या मारत होतो.

ताई तिथल्या प्रयोगशाळेत नवीनच लागलेली, प्रोबेशनवर. दोनदा उशीर झाला तेव्हा साहेबांनी स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊच नका. पहिल्या पाळीला वेळेत पोचवणारी बस नाही. यावर मी दोन पत्रकं काढली, निवेदन दिलं, डेपोतल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटून आलो. बस काही आली नाही. ताईने गुपचूप एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तीही गुरुवारी कामावरून परतताना हायवेवर तापली, पाणी उडालं आणि हेड वाकलं. साहेबांनी सोमवारपर्यंतची रजा तेवढी दिली. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. हवा आत जायच्या आणि धूर बाहेर पडायच्या वाटा त्यातच असतात, त्यांना पोर्ट म्हणतात.

मिस्त्री सत्तरीचे. सगळं गॅरेज त्यांना आबा म्हणतं.

"जळगावले रेडिमेड हेड भेटी जाई," आबा म्हणाले. "कंपनीनं नही, पन चांगलं शे."

"म्हणजे डुप्लिकेट?"

"हां, डुप्लिकेट."

या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. महिन्याभरापूर्वीच मी एक पत्रक लिहिलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षाचे ब्रेक ऐन उतारावर लागले नाहीत. उघडून पाहिलं तर आत नकली माल, वर नामांकित कंपनीचं लेबल. मी मोठ्या टाइपात छापलं : डुप्लिकेट माल हटवा, जीव वाचवा. धुळ्यापासून जळगावपर्यंत स्वतः खळ लावून चिकटवलं. आणि आता सख्ख्या बहिणीच्या गाडीत डुप्लिकेट हेड बसवू? कोणत्या तोंडाने?

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. फोनवर मी पोरांचे व्हिडिओ पाहायचो. पोर्ट घासून मोठे करा, इंजिन मोकळा श्वास घेतं, पिकअप वाढतो. ताईची गाडी ट्रकांची रांग मागे टाकत निघालीय, असं चित्र मी मनात काढून ठेवलं होतं. ओरिजिनल हेड ठेवलं की तत्त्वही राहतं, आणि पोर्ट वाढवले की वेगही मिळतो.

"आबा, हेच हेड सपाट करा. आणि पोर्ट मोठे करा."

"भाऊ, तुमनी ताईले शर्यतमा जानं शे का नोकरीवर?"

"दोन्ही जमलं पाहिजे."

आबांनी माझं बोट धरून पोर्टात घातलं. "हाई भित पातळ शे. तिना मांगे पानी शे. ताईले इचारं का?"

"गाडी घरचीच आहे, आबा."

आबांनी ग्राइंडर उचलला. "तुम्ही भाषण देतस, मी घासस."

संध्याकाळपर्यंत ते घासत होते. ॲल्युमिनियमचा चकाकता भुगा त्यांच्या भुवयांवर बसला. मी शेजारी उभा राहून म्हणत होतो, आबा, अजून थोडं. इकडून अजून थोडं.

शनिवारी सकाळी परीक्षा झाली. आबांनी हेडातल्या पाण्याच्या वाटा रबर लावून बंद केल्या, आत हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. एका पोर्टातून बुडबुडे आले. एकामागून एक, बारीक, न थांबणारे.

"फुटनं," आबा म्हणाले.

"ग्राइंडरच जुना होता, त्यामुळे—"

"मंग ग्राइंडरवर पत्रक काढशात का?"

ताईला फोन केला. सगळं सांगितलं.

"मला विचारलं होतंस?"

"वेळ नव्हता गं."

"माझा फोन दिवसभर चालू होता. कलेक्टर कचेरीसमोर काय ओरडत असतोस तू? लोकांना विचारल्याशिवाय निर्णय नको. मी लोकांत येत नाही का?"

मग आता काय करायचं, ते मी तिलाच विचारलं.

"जळगावला जा," ती म्हणाली. "चालेल ते आण. चालेल ते, कळलं?"

बसला उभं राहायलाच जागा होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मी मनातल्या मनात दुकानदाराशी भांडत राहिलो. बिल मागायचं, फसवणूक पकडायची, तिथल्या तिथे जाब विचारायचा.

दुकानाच्या खांबावर माझंच पत्रक अर्धं फाटून लटकत होतं. गल्ल्यावर एक नाना बसलेले.

"हेड ओरिजिनल आहे?" मी विचारलं.

"नाही. डुप्लिकेट. एक नंबर डुप्लिकेट."

"मग दोन नंबरचंही असतं वाटतं."

"असतं ना. ते ओरिजिनल म्हणून विकतात."

नानांनी खोकं उघडलं. हेडावर ते बनवणाऱ्याचं नाव होतं, त्याचं गाव होतं, बॅच क्रमांक ठोकलेला होता. दुसऱ्या कुणाचं नाव त्याने लावलेलं नव्हतं. रिक्षावाल्याला फसवणारा माल आणि हा माल, दोन्हींना आमच्याकडे एकच शब्द आहे, आणि तो शब्द मी ठळक अक्षरांत सगळ्यांच्या भिंतींवर लावून आलो होतो.

"ते पत्रक तुमचंच का, भाऊ?" नाना खांबाकडे बघत म्हणाले. "तुमचा सूर ऐकला न् वाटलं."

"माझंच."

"हे हेड बनवणाऱ्याने निदान स्वतःचं नाव घातलंय. तुमच्या पत्रकाखाली कोणाचं आहे?"

पत्रकाखाली 'एक जागरूक नागरिक' असं होतं. मी बिल मागितलं. त्यांनी न कुरकुरता, सही-शिक्क्यासह दिलं. माझा सगळा तयार राग तसाच हातात राहिला.

मग नानांनी दुसरं खोकं पुढे केलं. "याचे पोर्ट मोठे आहेत. पोरं नेतात शर्यतीसाठी. देऊ?"

माझा हात गेला होता खोक्याकडे, खोटं कशाला बोलू. तो मागे घेऊन मी ताईला फोन लावला. दोन्हींचं सांगितलं : हे हळू चालताना नीट ओढतं, ते मोकळ्या रस्त्यावर पळतं, पण गर्दीत अडखळतं.

"नरडाण्याला कोणतं पोचवेल?"

"दोन्ही."

"रोज?"

"साधं."

"मग विचारतोस काय?"

"विचारायला सांगितलंस म्हणून," मी म्हणालो. पलीकडून ती जराशी हसली असावी. नक्की सांगता येणार नाही, रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

रविवारी आबांनी हेड बसवलं. सोमवारी सहाच्या आधी ताई निघाली. मी सोबत यायचं म्हटलं तर म्हणाली, "नको. तू रस्ताभर गाडीशी भांडशील."

मी अंगणात चपला घालून येरझाऱ्या घातल्या. चहा गार झाला. पावणेसातला फोन वाजला.

"गेटाच्या आत आहे."

"पाण्याचा काटा कुठे होता?"

"मध्ये."

"आणि चढावर ओढत होती का?"

"अरे, ड्यूटी सुरू होतेय माझी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाळी तीनला सुटते, मग परतीचा रस्ता. मी चपला काढल्या नाहीत.