अंग आधी घाबरतं

नलूताई वर्गात शिरल्या की आधी दाराच्या दोन्ही फळ्या उघडून त्यांना विटा लावायच्या, मगच हजेरी घ्यायच्या. पावसाची झड आत आली तरी दार मिटत नसे. स्टाफरूममध्येही त्यांची खुर्ची उंबऱ्यालगत. पाम गावच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा मला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला.

पहिल्याच आठवड्यात, प्रार्थना चालू असताना त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. हात गार पडलेला, कपाळावर घाम. वर्गात शुद्ध मराठी बोलणाऱ्या नलूताई घाबरल्या की आपल्या दांडी गावच्या बोलीत शिरत. "मना धर गं, मी चालले," म्हणाल्या. रिक्षाने बोईसरला नेलं. कार्डिओग्राम निघाला, रक्त तपासलं, सगळं ठीक. डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." बाहेर पायरीवर नलूताई कार्डिओग्रामची पट्टी उलगडून बसल्या. मग म्हणाल्या, "काय नाय, तर मंग हे काय हाय?"

असं वरचेवर होऊ लागलं. कुणी देवाला कौल लावायला सांगितलं, कुणी प्राणायाम. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, मन खंबीर करा." त्यावर त्यांचं एकच उत्तर असे, "मन नाय ओ सर, माजं अंगच आधी घाबरतं. मन मागून येतं."

हळूहळू त्यांच्याकडून कळत गेलं. त्या लहान असताना वडिलांची होडी परत आली नाही. त्यानंतर वारा सुटला की आई सगळ्या पोरांना एका खोलीत कोंडून बसायची. पुढे लग्न झालं, नवरा तारापूरच्या एका कारखान्यात लागला. एका दुपारी तिथे स्फोट झाला, शाळेच्या काचा हादरल्या. नवरा संध्याकाळी धडधाकट घरी आला. "तो आला गं," नलूताई म्हणाल्या, "पन माजं वाट बघनं काय थांबलंच नाय."

त्यांची मुलगी मधुरा बारावीत होती. सराव परीक्षेत पेपर हातात पडताच तिला श्वास घेता येईना. कोरा पेपर देऊन ती घरी आली. घरचे म्हणाले, अभ्यास झाला नसेल. नलूताईंनी मात्र तिची बोटं हातात घेतली; ती त्यांच्यासारखीच गार पडली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं आणि मुलीला पालघरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. एसटीत बसणं त्यांनाच जमेना. दोनदा उतरल्या, तिसऱ्यांदा चढल्या.

डॉक्टर वयाने तरुण होत्या. त्यांनी मुलीचं ऐकलं, मग आईचंही. आजाराचं नाव सांगून म्हणाल्या, "हा आजार आहे, भित्रेपणा नाही. काहींचा पिंडच असा हळवा असतो, तो घराण्यातून येतो. त्यावर एखादा धक्का बसला, वर्षानुवर्षं काळजी साठली, की धोका नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवत राहतं. एकच कारण शोधू नका. उपचार आहेत."

नलूताईंनी खाली मान घालून विचारलं, "म्हंजे मीच दिलं तिला?"

"तुम्ही दिलं नाहीत. तुमच्याकडून आलं."

परतीच्या वाटेवर नलूताई रडत होत्या. मला डॉक्टरांचं ते वाक्य दिलासा देणारं वाटलं होतं, त्यांना नाही.

मधुरा गोळ्यांनी आणि डॉक्टरांशी बोलून बोलून सावरली, परीक्षा दिली, नर्सिंगला नाशिकला गेली. नलूताईंनी स्वतःचे उपचार मात्र अर्धवट सोडले. जरा बरं वाटलं, की घरात कुणी म्हणे, आता कशाला गोळ्या, आणि त्या बंद करत. शेवटी शेवटी तर दांडीचं घर सोडून बाजारालाही जाईनात. मी भेटायला गेले की ओटीवर बसून विचारायच्या, "आमाला तवा कोनी नाव का नाय सांगितलं गं याचं?"

गेल्या हिवाळ्यात त्या न्यूमोनियाने गेल्या. दहाव्याला मी दांडीला गेले. विधी आटोपल्यावर मधुरा किनाऱ्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"मी नाशिकला निघाले त्या दिवशी आई मागल्या दारी उलट्या करत होती," ती म्हणाली. "मला सोडायला स्टॅंडवर ती कधीच आली नाही, मावशी. पण 'जाऊ नको' असं एकदासुद्धा म्हणाली नाही."