गादीले दुखत नाही

करीमभाई गेले तेव्हा मी बाहेरगावी होतो; रुबिनानेच फोनवर सांगितलं. “काका, अब्बा गेले.” रडण्याचा आवाज नव्हता. मागे शटर खाली ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला… रिसोडात माझ्या घरासमोर त्यांचं कापूस पिंजायचं आणि गाद्या भरायचं दुकान. मुलगी रुबिना टाके घालायची. केनवड, मेडशीचे लोक लग्नाच्या गाद्या इथूनच नेत. भरलेली गादी करीमभाई लगेच देत नसत. डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवत. कुठे कापसाचा गोळा लागला की टाके उसवत, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

खोकल्यासाठी अकोल्याला त्यांच्या छातीचा स्कॅन काढला, तेव्हा रुबिनासोबत मीही होतो. उजव्या फुप्फुसात काचेवर वाफ धरावी तसा फिकट डाग दिसला. सुईने तुकडा काढून तपासला. अहवाल आल्यावर डॉक्टरबाईंनी सावकाश सांगितलं : हा कॅन्सर नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे. पेशींच्या जनुकांत बदल झाले आहेत. शरीराच्या संरक्षक पेशी डागाभोवती जमल्या आहेत. काही डाग त्या रोखून धरतात. काही डागांतल्या पेशी आणखी बदलतात आणि त्यांना चुकवायला शिकतात. यातला हा कोणता, ते आज सांगता येत नाही. तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता येईल. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, न चुकता.

परतीच्या एसटीतच करीमभाईंचा निर्णय झाला. “शरीराचे शिपाई पहाऱ्यावर हायेत म्हणते ना बाई? मंग छाती कायले उघडाची?”

रुबिना खिडकीबाहेर पाहत होती. “लोकाइच्या गादीत गोळा राहू देत नाही तुमी, अब्बा.”

“गादीले दुखत नाही,” ते म्हणाले आणि हसले.

सहा महिने भरले ते नेमके रजयांच्या हंगामात. दुकानात कापसाचे ढीग लागलेले. खोकला कमी झाला होता. पहारा चालू असल्याची ती खूण, असं त्यांनी धरलं. रुबिना रोज स्कॅनचा विषय काढी. मीही काढला. “संक्रांत होऊ द्या, भाऊ. लोक कुडकुडून राह्यले.” त्या दिवसांत समोरच्या मशीनची घरघर थांबली की माझे कान खोकल्याकडे लागत. कधी यायचा, कधी नाही… नाही आला तरी बरं वाटत नसे.

संक्रांतीनंतरच्या स्कॅनमध्ये तो डाग घट्ट, पांढरा झालेला होता. शेजारी आणखी दोन. नव्या तुकड्यात संरक्षक पेशी तुरळक होत्या. आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. वेळेवर आलो असतो तर, असं रुबिनाने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही.” करीमभाईंनी चपला घातल्या आणि बसची वेळ विचारली. पुढे औषधं चालली, पावसाळ्यापर्यंत.

परवा, चाळिसाव्या दिवसानंतर, शटर पुन्हा वर गेलं. केनवडचा एक शेतकरी त्याची राहिलेली गादी न्यायला आला होता. रुबिनाने ती अंथरली, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. एका कोपऱ्याशी हात थांबला.

“असू दे ना बाई, एवढ्यानं काय होते,” तो म्हणाला. बाहेर त्याची जीप चालूच होती.

“बसा,” रुबिना म्हणाली, आणि तिने कात्री घेतली.