समुद्राजवळच्या खुर्च्या

मला वाचवलं ते बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींनी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसाची गोष्ट निघाली की लोक हसण्यात रमतात आणि मावशी राहूनच जातात.

मी परभणीकडची. शाळा सातवीत सुटली. नवऱ्याला नागावात एका नारळाच्या वाडीची राखण मिळाली म्हणून इकडे आलो, आणि मला गावच्या वाचनालयात झाडलोट, पुस्तकं लावणं, खुर्च्या मांडणं असं काम मिळालं. तेही "तीन महिने बघू" या बोलीवर. बघणार होते वाचनालयाचे कार्यवाह, निवृत्त झालेले सर. तिसरा महिना संपत आला आणि व्याख्यानमाला आली. ग्रहताऱ्यांवरचं आणि गावोगावच्या पाणीवाटपावरचं व्याख्यान सभागृहात नीट पार पडलं. तिसरं समुद्री जीवांच्या अभ्यासक मॅडमचं. सर म्हणाले, यांच्या वेळी लोकांना समुद्राजवळ बसवू, दुपारी चारला.

मी जवळ म्हणजे अगदी जवळ धरलं. सकाळी दहाला पाणी लांब गेलेलं. घट्ट वाळूवर साठ खुर्च्या मांडल्या, टेबल लावलं, त्यावर स्पीकरची पेटी ठेवली. आमच्याकडे तलावाचं पाणी हटलं की त्या गाळात लोक हरभरा पेरतात. हटलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरून येत नाही. समुद्राला भरती येते हे ऐकून होते, पण ती केव्हा आणि कुठवर, हे कुणाला विचारलं नव्हतं. अडाणी ठरायची भीती, दुसरं काय.

बाराच्या सुमाराला वरच्या वाळूत बोंबील टांगणाऱ्या मावशी खाली आल्या. कमरेवर हात ठेवून खुर्च्यांकडे बघत राहिल्या.

"गो बाय, मासं बसनार हायेत का यांवर?"

मला काही कळेना. मग त्यांनी विचारलं, "आज तिथी कंची?"

"संकष्टी. माझा उपास आहे."

"चौथ. चाराचं पाऊणपट तीन. तीनला पानी पुरं भरंल. उपास सोड नायतर ठेव, खुर्च्या उचल आधी."

मावशींनी हाळी घालून दोघीतिघींना बोलावलं, स्वतः स्पीकरची पेटी डोक्यावर घेतली आणि आम्ही सगळं सुरूच्या झाडांखाली नेलं. शेवटची खुर्ची उचलली तेव्हा पाणी माझ्या घोट्यांशी होतं. सरांना सांगू नका, असं मी मावशींना विनवलं. त्या आपल्या बोंबलांकडे चालू लागल्या.

चारला मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. चंद्राच्या ओढीबद्दल सांगता सांगता त्यांनी विचारलं, आज भरती किती वाजता होती? सगळ्यांनी मोबाइल काढले. मागून मावशींचा आवाज आला, "त्या खुर्च्यावाल्या बाईला विचारा. तिला ठावं हाय."

सर वळून माझ्याकडे बघू लागले. मी उठले. तिथीची पाऊणपट, एवढं सांगून बसता आलं असतं. पण मॅडमनी कुतूहलाने विचारलं, हे कुणी शिकवलं, आणि मला मावशींचं नाव गाळवेना. मग खुर्च्यांपासून सगळंच सांगितलं. लोक पोट धरून हसले. मॅडम मात्र तो हिशेब वहीत लिहून घेत होत्या.

सर हसले नाहीत. "साठही आहेत ना?"

"आहेत. एक भिजली. तिच्यावर मीच बसलेय."

"पुढच्या वर्षी जागा ठरवताना या मावशींना विचारून ठरवा," ते म्हणाले आणि परत मॅडमकडे वळले. पुढच्या वर्षी. मी पदर तोंडाला लावला.

मावशींना नंतर म्हटलं, तुम्हीच एकदा व्याख्यान द्या. त्या म्हणाल्या, "आनि माजे बोंबील कोन राखनार, कावळे?"

मावशी, मी राखीन. आज वक्ते ठरवणं माझ्या हातात नाही, पण कधीतरी तुम्हाला त्या टेबलामागे बसवीन, शाल-श्रीफळासकट. आणि तुम्ही बोलून उठेपर्यंत तुमच्या बोंबलांना चोच लागू देणार नाही.