पुन्हा डोंगर चढणार नाही

शिबिरातला आनंद घरी आल्यावर आठवडाभरही टिकला नाही, तेव्हा मला देवाचा राग आला. आम्ही मूळचे नगरकडचे. यजमानांना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून बोईसरला दोन खोल्यांत राहायला आलो. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं मीच करत होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी फारच आग्रह केला म्हणून नणंदेला बोलावून घेतलं आणि मी घाटावरच्या आत्मिक शिबिराला गेले.

शेवटच्या संध्याकाळी डोंगरमाथ्यावर प्रार्थना चालली होती. मी गुडघे टेकले आणि एकाएकी वाटलं, प्रभू माझ्या शेजारी उभा आहे. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पण वर्षानुवर्षं आवळून धरलेलं काहीतरी आतून सुटलं आणि मी लहान मुलीसारखी रडले. परतताना गाडी वैतरणेच्या पुलावर आली तरी मी गातच होते. समोरच्या बाकावरची माणसं बघत होती, मला लाज वाटली नाही.

दार उघडलं तर घरात लघवीचा वास. नणंद पिशवी भरून तयारच होती, ती लगेच निघाली. सासूबाईंनी मला पाहून तोंड फिरवलं. मी सोडून गेले या रागानं त्यांनी जेवण जवळजवळ टाकलंच होतं. पुन्हा नळाचं पाणी, धुणं, त्यांच्या पाठीवरच्या जखमा. गाणं ओठांवरून कधी गेलं कळलंही नाही. प्रार्थनेला बसले की डोळा लागायचा.

चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "विश्वास कमी पडतोय. पुढच्या शिबिराला चला, अग्नी पुन्हा पेटवून घ्या." मी फणफणतच घरी आले. बायबलात येशूच्या शिष्याला, पेत्रालासुद्धा, डोंगरावर प्रभूचं तेज पाहिल्यावर तिथंच मंडप घालून राहायचं होतं. प्रभूनं राहू दिलं नाही, खाली आणलं. खाली एक बाप आजारी लेकराला घेऊन उभा होता. मग खाली आल्यावर माझाच विश्वास कमी कसा?

अशाच एका दुपारी मी सासूबाईंची कूस बदलत होते. हात निसटला आणि त्या पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत पडून अडकल्या. लागलं फारसं नव्हतं, पण बाई अंगानं भारी, त्यात अर्धं शरीर लुळं. मला उचलवेना. यजमान कामावर, शेजारची दारं बंद. त्या कण्हत होत्या. मी पुन्हा पुन्हा जोर लावला आणि शेवटी फरशीवर बसून मोठ्यानं ओरडले, "तिथं वर भेटलास ना? आता इथं ये! मी पुन्हा डोंगर चढणार नाही, सांगून ठेवते. मी हवी असेन तर या खोलीत ये!"

दारात कुणीतरी खाकरलं. डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण उभी होती, मी कधी न पाहिलेली.

"बेटेगावची वाट कंची गो? लेकीकडं जायचा हाय, वाट चुकली वाटतं." मग तिनं आत डोकावलं. "कोनाशी भांडतेस?"

"देवाशी," मी म्हणाले.

"भांड, भांड. होडी वेळेवर आली नाय का आमीपन भांडतो. पन आधी म्हातारीला उचलू."

तिनं पाटी उंबऱ्यात ठेवली, पदर खोचला, सरळ पलंगावर चढली आणि सासूबाईंच्या काखेत हात घातले. मी पायांकडून रेटलं. एका हिसक्यात त्या वर आल्या. धापा टाकत तिनं सांगितलं, ती दातिवऱ्याची. सासूबाई तिच्या पाटीकडे बघत होत्या. वाकड्या तोंडानं म्हणाल्या, "मासळी."

"बोय हाय, ताजी. घे गो, कालवण कर तिला." एक मासा काढून तिनं माझ्या हातावर ठेवला, तांब्याभर पाणी प्याली आणि पाटी उचलली. मी तिला नाक्यापर्यंत जाऊन वाट दाखवली. त्या दिवशी सासूबाई माझ्या हातून पोटभर जेवल्या.

ती देवदूत होती असं मी म्हणणार नाही. ती लेकीकडे निघालेली एक बाई होती. माझ्या अंगावर काटा आला नाही, डोळे भरले नाहीत. उलट कंबर धरली होती. पण भात कालवताना मला पक्कं ठाऊक होतं, मी हाक मारली आणि तो आला.

पुढे चर्चच्या महिला मंडळात साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभी राहिले आणि घडलं तसं सांगितलं. शिबिराला येणार नाही, हेही. पाळकबाईंनी विचारलं, "मग त्या बाईला तुम्ही प्रभूविषयी सांगितलंत का?"

"नाही," मी म्हणाले. "ती आली तेव्हा मी त्याच्याशीच बोलत होते. तिनं ऐकलं सगळं."

सासूबाई त्यानंतर बराच काळ जगल्या. माझे वाईट दिवस काही संपले नाहीत. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मला शिकवलं होतं. मी ते मानत नाही. त्या दुपारी माझ्यापाशी ना बळ होतं, ना धीर, ना चांगले शब्द. जे होतं ते रागासकट त्याच्यापुढं टाकलं, आणि त्यानं ते घेतलं. त्या डोंगराचे उपकार मी विसरलेले नाही. तिथं त्याची ओळख झाली नसती, तर इथं खाली मी भांडले कुणाशी असते?