येशूच्या दारावर

येशू ख्रिस्ताच्या मरणाचा राग आमच्या आत्याइतका आजवर कोणाला आलेला नाही. जगाच्या हिशेबी त्या गोष्टीला दोन हजार वर्षं झाली. आत्याच्या हिशेबी ती काल दुपारी घडली आणि गुन्हेगार अजून मोकाट आहेत. शिष्य बागेत झोपून गेले म्हणून ती आमच्या धुळ्याच्या घरात आजही भांडी आपटते. "मानूस मराले टेकेल, आनि ह्या घोरी ऱ्हायनात!" माझं नाव पेत्रस. बायबलातल्या पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं, त्याची शिक्षा मी भोगतो. गुड फ्रायडेला मला घरात चहा नाही. "'मी वळखत नही' म्हने त्याले! जाय, टपरीवर पी."

आमच्या खान्देशात कोणी गेलं की त्याच्या घरी द्वारदर्शनाला जातात. बायका गल्लीच्या तोंडाशीच पदर डोक्यावर ओढतात आणि गळा काढत दारापर्यंत येतात. पिंपळनेरकडच्या खेड्यात वाढलेली आत्या दर गुड फ्रायडेला येशूच्या द्वारदर्शनाला जाते. चर्चच्या फाटकापासून तिचा हेल सुरू होतो. मग ती दारात बसते आणि मयताचे गुण आठवून आठवून रडते. आंधळ्यांना डोळे दिलेस, भुकेल्यांना जेवू घातलंस, आणि तुझ्या मागं कोण उभं राहिलं रे बा! आत प्रवचन कुठं चाललंय हे कोणालाच कळत नाही.

चर्चचे नवे पाळकसाहेब मोठ्या शहरातून आले. त्यांना हे रानटी वाटलं. "अक्का, प्रभू उठला आहे. ख्रिस्ती माणसानं असं रडू नये." आत्या म्हणाली, "रविवारले उठी, तवय मी बी हाससू. आज शुक्रवार शे. आज त्यानी माय रडी ऱ्हायनी, तिले एकली सोडू का?"

मग गेल्या हिवाळ्यात आत्याचा एकुलता एक मुलगा सोनगीरजवळ हायवेवर अपघातात गेला. कामावरून मोटरसायकलनं परतत होता. मातीच्या वेळी आत्यानं रडायला तोंड उघडलं तोच पाळकसाहेबांनी हात वर केला. "रडणं म्हणजे अविश्वास. आपण आनंदाचं गीत गाऊ." आणि कीबोर्ड वाजू लागला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येशू स्वतः आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी रडला, तेव्हा त्याला कोणी कीबोर्ड ऐकवला होता का? आत्या मात्र गप्प बसली. देवाच्या माणसानं अविश्वास म्हटलं, ते तिच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर तिनं भांडी आपटली नाहीत, कोणाला शिव्या घातल्या नाहीत. घर इतकं शांत झालं की मला तिथं बसवेना.

गुड फ्रायडे आला. आत्या या वर्षी जाणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती गेली. फाटकापाशी पदर ओढला, पण हेल निघाला नाही. दारात येऊन बसली. पाळकसाहेब पुस्तक मिटून तिच्याकडे पाहत राहिले. मग तिचा आवाज फुटला. तो येशूसाठी नव्हता, त्याच्या आईसाठी होता.

"माय मरिये, तुना पोऱ्या तिसरा दिनले परत उना व. मना आजून उना नही."

पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली उतरून दारापर्यंत आले. आता पुन्हा हात वर करतील म्हणून मी मुठी आवळून उभा राहिलो. ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि रडू लागले. आत्यानं रडता रडताच सरकून त्यांना जागा करून दिली.